सात पिढ्यांचा पासवर्ड

डोंगरातल्या ताल-बुलाक गावच्या वरच्या आळीतल्या कालिपानं सदतीस वर्षांत एकदाही कुऱ्हाडीला कुऱ्हाड म्हटलं नाही. लाकडं फोडायची वेळ आली की ती विचारायची, "ती फाडणारी कुठं टाकलीसा?" कारण तिच्या सासऱ्याचं नाव बाल्ताबाय, आणि आमच्या बोलीत बाल्ता म्हणजे कुऱ्हाड. सुनेच्या तोंडून सासऱ्याचं नाव निघालं की घराची अब्रू गेली, असं आमच्याकडं मानतात. एकट्या सासऱ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण त्याचा बाप, त्या बापाचा बाप, असं करत वर सात पिढ्यांची नावं सुनेला बंद.

आणि आमच्या पूर्वजांनी नावं ठेवताना पुढं घरात सुना येणार आहेत, याचा विचार केलेला दिसत नाही. बाल्ताबायचा बाप कोझुबेक, त्यात कोकरू आलं. त्याच्या वर तेमिर, म्हणजे लोखंड. मग ताइलाक, म्हणजे उंटाचं पिल्लू. मग इतिबाय, त्यात कुत्रा. मग जामान, म्हणजे सरळ सरळ वाईट. आधीची पोरं जगली नव्हती, या पोराला नजर लागू नये म्हणून ठेवलेलं. मग ताशबाय, दगड. आणि सगळ्यात वर, जिथून या घराण्याची मोजणी सुरू होते, तो तेझेक. तेझेक म्हणजे शेणी. वाळवून चुलीत घालतात ती. वरच्या आळीतले पुरुष तेझेकच्या नावानं छाती पुढं काढतात, आणि त्यांच्या बायका रोज सकाळी तेझेकवर चहा उकळतात. फक्त त्याला तेझेक म्हणत नाहीत.

कालिपा जुमगालची, घाटापलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासूनं पहिल्याच दिवशी तिला पडद्याआड बसवून बोटांवर नावं मोजली. "नीट ऐक. इसरायची न्हाईत आन् बोलायची बी न्हाईत."

दुसऱ्या सुना असलं काही आलं की 'ते', 'अमकं', 'तुमचं नव्हं का' असं करून वेळ मारून नेत. कालिपाची जीभ अशी आळशी नव्हती. तिनं एकेका नावाला घरचा शब्द घडवला. कोकराला ती बेंबट्या म्हणायची. लोखंडाला गंजका. उंटाच्या पिल्लाला लांबमान्या. कुत्र्याला भुंक्या. वाईट म्हणायचं असलं तर म्हणायची 'बरा-न्हाई'. दगडाला ठेच. आणि शेणीला धुरकट.

आता सासूनं आक्षेप घ्यायचा तरी कशाला? नाव कुठं घेतलं होतं? "चुलीत दोन धुरकट टाक की," असं सून म्हणाली तर तिनं शेणीबद्दलच म्हटलं. मूळ पुरुषाबद्दल म्हटलं, असं सासूला वाटलं असेल तर तो सासूच्या मनाचा दोष. नाव न घेता नावं ठेवायची अशी सोय आमच्या रिवाजानंच करून ठेवली आहे. कालिपानं ती फक्त वापरली. पाच-सात वर्षांत आळीतल्या निम्म्या सुना तिचेच शब्द बोलायला लागल्या. सासू मेली ती कालिपाचे गुण गात मेली, की सून कशी, तर एकदा म्हणून तोंडून नाव निसटलं नाही.

नवरा साग्यन वर्षातले आठ महिने मेंढरांमागं. घरात कालिपा आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा बाल्ताबाय. म्हाताऱ्याचा एक कान गेलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज असा की या टोकाला खाकरला तर त्या टोकाची घोडी कान टवकारते. अशा माणसाच्या हातात सरकारनं फोन दिला. म्हणजे दिला नाही, पण पेन्शन फोनवर जमा होणार असं ठरवलं, म्हणून नातवानं शहरातून पाठवला.

त्या वर्षी कळप खाली उतरल्यावर क्लबघरात एक सभा झाली. शहरातल्या कुठल्याशा संस्थेची आयझिरेक नावाची बाई आली होती. फोन आणि फोनवरचं खातं चोरांपासून कसं राखायचं, ते सांगायला.

"पासवर्ड असा ठेवा," ती म्हणाली, "जो दुसऱ्या कुणाला सुचणार नाही आणि तुम्ही जन्मात विसरणार नाही. लांबलचक ठेवा. जन्मतारीख नको. घोड्याचं नाव तर अजिबात नको."

अर्ध्या सभेनं खाली पाहिलं.

बाल्ताबायला त्यातलं ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूचं तेवढं कळलं. 'जन्मात विसरणार नाही' आणि 'लांबलचक'. म्हातारा जागच्या जागी उठला. "पोरी, त्येला कशापायी डोकं फोडायचं? ज्येला सात पिढ्या सांगता येत न्हाईत तो गुलाम. आमी काय गुलाम हाय व्हय?" आणि त्यानं तिथंच कोझुबेकपासून तेझेकपर्यंत खणखणीत आवाजात सात नावं म्हणून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आयझिरेक काहीतरी सांगायला उठली, पण तोवर समोवार आला आणि सभा चहावर गेली.

घरी आल्यावर म्हाताऱ्यानं फोन कालिपापुढं धरला. त्याला अक्षरं दिसत नव्हती. बोटाचा ठसा देऊन पाहिला होता, पण साठ वर्षं दोर ओढून बोटांवर रेघच उरली नव्हती; फोनला वाटे कुणी लाकूड टेकवलंय. 

"घाल," तो म्हणाला. "सातबी."

कालिपा फोन घेऊन अंगणात गेली. पहिलं अक्षर दाबलं, दुसरं दाबलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलतायत. बोट चाललं की ओठ चालतात, आणि ओठ चालले की मागून आवाजही येणारच. तिनं कुंपणावरून उपोलकानला हाक मारली. उपोलकान शेजारची, ऐंशीची, रिवाजाच्या बाबतीत आळीचं न्यायालय.

"आजी, लिवलं तर नाव घेतल्यागत हुतंय का?"

"बोटाला जीभ असती का?"

"पर ओठ हलत्यात."

उपोलकाननं विचार केला. "मग दात दाबून लिव."

"दाबलं. गळ्यात हलतंय."

"मंग घेतल्यागतच हाय," उपोलकान म्हणाली आणि आपल्या कोंबड्यांकडं गेली.

सदतीस वर्षं राखलेलं एका फोनपायी घालवायचं? कालिपानं कोझुबेकच्या जागी बेंबट्या लिहिलं. तेमिरच्या जागी गंजका. लांबमान्या, भुंक्या, बरा-न्हाई, ठेच, धुरकट. शेवटी आकडा हवा म्हणाली होती ती बाई, म्हणून सात. फोननं हिरवी खूण दाखवून 'मजबूत' असं सांगितलं. आणि म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार झाला.

"झालं?" आतून म्हाताऱ्यानं विचारलं.

"झालं, आबा."

"सातबी घातलं?"

"सातबी घातलं."

खोटं ती बोलली नव्हती. आठवड्यानं पेन्शनच्या खात्यालाही तिनं तेच कुलूप लावलं.

म्हाताऱ्याला मात्र चैन पडेना. घराण्याचा दोनशे माणसांचा फोनवरचा ग्रुप होता. त्यात त्यानं कालिपाकडून बटण दाबून घेऊन आवाज पाठवला. "तेझेकच्या लेकरांनो, घोड्याची आन् बायकांची नावं काढून टाका. आपल्या सात पिढ्या घाला. मी घातल्या. चोराला आपले पूर्वज काय ठावं? आन् ज्येला ठावं हायत तो आपलाच, तो कशाला चोरी करंल?" दोन दिवसांत वरच्या आळीतल्या अकरा घरांनी मान राखला. ज्याचा त्याचा बाप-आजा वेगळा, पण म्हाताऱ्यानं सभेत म्हटली तीच सात नावं सगळ्यांनी घातली. एकाच किल्लीनं अकरा कुलपं उघडावीत, अशी सोय झाली आणि तिला सुरक्षा असं नाव पडलं.

महिन्याभरानं, दूध काढायच्या वेळी फोन वाजला. कालिपानं कोपरानं उचलला.

"बाल्ताबाय कोझुबेकोव आहेत का?" शहरी, गोड आवाज.

"ऐकू येत न्हाई त्यास्नी. मी सून."

"मी बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमच्या सासऱ्यांच्या खात्यात चोर शिरतोय, आत्ता, या मिनिटाला. तुम्ही मला पासवर्ड सांगा, मी दार बंद करतो."

"मला बोलता येत न्हाई."

"घाबरू नका ताई. मी बँकेचाच आहे."

"तुमी कुणाचंबी असा. सासऱ्याच्या वरची नावं हायत ती. मी कशी घेऊ?"

 माणूस आमच्याकडचाच असावा, कारण त्याला कळलं. "अच्छा, नाव घेत नाही तुम्ही. माझी आईपण घेत नाही. मग असं करा, फिरवून सांगा. मी ओळखतो."

हा माणूस आईचं नाव काढतोय म्हटल्यावर कालिपा जरा ढिली पडली. त्यात गाय पाय उचलत होती. म्हाताऱ्याचे पैसे जातायत हेही डोक्यात होतं.

"पयला बेंबट्या," ती म्हणाली.

"बेंबट्या... कोकरू. कोझु. कोझुबेक, तुमच्या आडनावातच आहे. पुढं?"

"गंजका."

"लोखंड. तेमिर. वा ताई."

अशी सातही झाली, शेवटी सातचा आकडा आहे हेही तिनं सांगितलं. शेवटच्या धुरकटला तो जरा अडला. चूल म्हणाला, सरपण म्हणाला, मग एकदम हसला. "तेझेक!" आणि फोन बंद.

कालिपा बादली धरून तशीच बसली. आता तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याला कोडं घातलं नव्हतं. तिनं त्याला पासवर्डच सांगितला होता, जसाच्या तसा, ओळीनं, अक्षरन् अक्षर.  गाईनं बादली लाथाडली तरी तिला कळलं नाही.

मग फोनवर निरोप यायला लागले. 'कुणीतरी तुमच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड चुकीचा.' एक, दोन, पाच. मग 'चुकीचा', 'चुकीचा', 'चुकीचा'. चोर शहाणा होता, तिथंच फसला. अडाणी असता तर ऐकलं तेच लिहून मोकळा झाला असता. यानं एकेक कोडं सोडवलं आणि हातातली किल्ली फेकून देऊन तिचं उत्तर कुलपात घालत बसला.

कालिपा त्या रात्री निवांत झोपली. चार दिवसांनी कळलं की उत्तर वाया गेलेलं नाही. चोरानं तीच नावं वरच्या आळीतल्या बाकीच्या नंबरांवर लावून पाहिली होती. अकरापैकी नऊ घरं उघडली. कुणाच्या फोनवरून भावकीला 'दवाखान्यात आहे, लगेच पाठवा' असे निरोप गेले. कुणाचे फोटो गेले. देइकानचा तर नुकताच विकलेला, खात्यात पैसे होऊन बसलेला बैल अख्खा गेला. देइकान हा बाल्ताबायच्या चुलतभावाचा मुलगा, पन्नाशीचा, अबोल, ज्याच्या हातून कधी कुणाचं वाईट झालं नाही आणि फारसं बरंही झालं नाही, असा.

बाल्ताबायचा एक पैसा हलला नव्हता. मशिदीसमोर म्हाताऱ्यानं काठी आपटून त्याचं कारण सांगितलं. "पूर्वज आपल्या रक्ताला राखत्यात. मीबी तीच नावं घातली, तुमीबी घातली. माझं कसं काय उघडलं न्हाई? देइकान, तू अडखळत घातली असशील. त्यास्नी वाटलं, ह्यो कोण परका?"

म्हातारा थट्टेनं बोलला असेल. पण थट्टा गावात पडली की तिला पाय फुटतात. देइकानची आई सातव्या महिन्यात बाळंत झाली होती, हे पन्नास वर्षं कुणाला आठवलं नव्हतं, ते आठवलं. विहिरीवर कुणी म्हणालं, "तेझेकनं बरोबर वळखलं बाई." देइकानच्या मुलीची सोयरीक शेजारच्या गावात ठरली होती. त्या लोकांनी माणूस पाठवला: सात पिढ्या पुन्हा एकदा बघून घेऊ, घाई काय आहे. देइकानची बायको सईरा कालिपाकडं चहाला यायची, ती यायची बंद झाली. रस्त्यात भेटली तर कुंपण बघत जायची.

कालिपाला रोज सकाळी फोन उघडावा लागे. रोज सकाळी ती बेंबट्या लिहायची आणि तिला देइकानची आई आठवायची. म्हातारीनं तिला पहिल्या हिवाळ्यात शेणी रचायला शिकवलं होतं. बोलावं तर सगळंच बाहेर येणार: सासऱ्याला सांगितलेलं अर्धं खरं, चोराला घातलेली कोडी, आणि ते सात शब्द. ते शब्द अंगणात बोलणं वेगळं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगणं वेगळं. सदतीस वर्षांची अब्रू एका दमात जाणार. न बोलावं तर एका मेलेल्या बाईची जातेय, आणि एका जित्या पोरीचं लग्न.

ती उपोलकानला म्हणाली, "आजी, एखादी गोष्ट झाकली तर पाप लागतं का?"

"कुणाची?"

"आपली."

"आपली झाकायलाच तर कपडं घालतो," उपोलकान म्हणाली. "दुसऱ्याचं फेडून आपलं झाकलं तर लागतं."

महिनाभर कालिपा त्यावरही गप्प राहिली. ती काही संत नव्हती.

चोऱ्यांची बातमी शहरात गेली तेव्हा आयझिरेक पुन्हा आली. क्लबघर गच्च भरलं. या वेळी म्हाताऱ्याला पुढं खुर्ची दिली होती. न फुटलेल्या फोनचा धनी म्हणून तो पांढरी उंच टोपी घालून बसला होता. आयझिरेकनं नम्रपणे सांगितलं, की सगळ्यांनी एकच पासवर्ड ठेवू नये, जे लग्नात गाऊन सांगतात ते तर मुळीच ठेवू नये. 

"मग आमचं का फुटलं न्हाई?" म्हातारा म्हणाला. "त्येचं सांग की."

 तेव्हा मागच्या बाकावरून देइकान उठला. तो सभेत उठल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"आबा, फोन हितं उघडा," तो म्हणाला. "सगळ्यांम्होरं. तीच नावं घालून. उघडला तर मी माझ्या पोरीला बोलावून सांगतो, की बाई, तुझ्या बापाचा बाप कोण ते गावाला इचार."

 म्हाताऱ्यानं फोन आयझिरेकच्या हातात दिला. "लिव पोरी. कोझुबेक."

तिनं लिहिलं. सातही लिहिली. फोन थरथरला आणि नाही म्हणाला.

"म्होरं सातचा आकडा," म्हातारा म्हणाला.

पुन्हा नाही.

"तुजी बोटं शहरची. सावकाश लिव."

"आजोबा, आता चुकलं तर फोन तासभर बंद पडेल."

म्हाताऱ्याचा चेहरा बाजारात दात मोजून घेतलेल्या घोड्यानं घरी आल्यावर लंगडावं, तसा झाला. कुणीतरी मागं खुसखुसलं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आता ह्येंचंबी रक्त बघावं लागतंय." ते म्हाताऱ्याच्या बऱ्या कानात गेलं.

कालिपा समोवारापाशी कप विसळत होती. तिनं हात फडक्याला नव्हे, नव्या झग्यालाच पुसले, आणि पुढं आली. सासऱ्यासमोर चार माणसांत सून आवाज चढवत नाही. तिनं चढवलाही नाही, पण शांतता एवढी होती की गरजच नव्हती.

"आबा, नावं न्हाईत ती."

"मग काय हाय?"

"माझं शब्द हायत. मला नावं लिवताच आली न्हाईत. लिवताना ओठ हलत हुतं. उपोलकान आजीला इचारा."

"हलत हुतं," उपोलकान बसल्या जागेवरून म्हणाली. "म्या न्याय दिला."

"कुठलं शब्द?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आयझिरेक घाईनं म्हणाली, "नको नको, पासवर्ड असा सगळ्यांसमोर..." पण तिचं कोण ऐकतंय.

कालिपानं जमिनीकडं बघत सांगितलं. "बेंबट्या. गंजका. लांबमान्या. भुंक्या. बरा-न्हाई. ठेच. धुरकट. सात."

पुरुषांच्या बाजूला कुणी श्वास घेतला नाही. बायकांच्या बाजूला सगळ्यांनी एकदम चहाच्या वाट्या तोंडाला लावल्या. कारण त्यातला शब्दन् शब्द त्या रोज बोलत होत्या. आयझिरेकनं हळूच लिहिलं. फोन उघडला.

"आन् आणखी एक हाय," कालिपा म्हणाली. आता सुटलीच होती तर पुरतं सुटावं. तिनं दूध काढतानाचा फोन सांगितला, आईचं नाव काढणारा गोड आवाज सांगितला, कोडी सांगितली. "त्येनं कोडी सोडीवली आन् तुमच्या घरांत शिरला. देइकानच्या रक्तात काय न्हाई. त्येनं आबांचं ऐकून खरी नावं घातली, म्हणून त्येचं उघडलं. आमचं खोटं हुतं म्हणून राह्यलं."

देइकान दोन बाकं पुढं आला. "म्हंजी वहिनी, माझा बैल तुमच्या कोड्यात गेला."

"गेला."

"बैल गेला तर जाऊ दे. माझ्या आईचं काय ते आबांच्या तोंडनं ऐकायचंय मला."

सगळे म्हाताऱ्याकडं बघायला लागले. तो काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"तेझेकला काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"धुरकट."

"माझ्या बाला?"

"बेंबट्या."

"हं." म्हाताऱ्याच्या मिशा जराशा हलल्या. "रडका हुताच त्यो. माझी आई तेझेकला 'चुलीतला' म्हणायची. तुझा बरा हाय." मग तो देइकानकडं वळला. "तू आमचाच हायस. म्या सांगितलं आन् तू आपली सगळी पुंजी त्या नावांच्या भरवशावर ठेवलीस. एवढं येडेपण दुसऱ्याच्या रक्तात हुडकून सापडायचं न्हाई. जा, सोयऱ्यांना सांग, मी येतो उद्या. माझ्या खोंडाला दावं लाव आन् घिऊन जा."

खोंड दिला म्हटल्यावर सभेनं श्वास सोडला. सईरा उठून समोवारापाशी गेली आणि कालिपाचे राहिलेले कप विसळायला लागली. 

आयझिरेकनं फळा पुसला. "आजोबा, आता हा पासवर्ड दोनशे माणसांनी ऐकला. आजच्या आज बदला."

म्हाताऱ्यानं फोन कालिपाकडं दिला. "घाल तुला काय घालायचं ते. मला सांगू नको."

तिनं तिथंच, खिडकीशी उभं राहून घातला. वेळ लागला नाही. फोननं हिरवी खूण करून 'मजबूत' म्हटलं.

पुढं वरच्या आळीतल्या बाप्यांनी एकेक करून आपापले फोन बायकांच्या हातात दिले. कुणी विचारलं तर सांगतात, डोळे कमी झालेत. सोयरीक झाली, लग्नात म्हाताऱ्यानं सात पिढ्या म्हटल्या, देइकाननं त्याच्या आवाजात आवाज मिळवला. कालिपाच्या अब्रूचं काही वाईट झालं नाही. उलट आता आयाबाया नव्या सुनांना सांगतात, कालिपा बघ, फोनला सुद्धा नाव घेतलं नाही तिनं. ऐकून ती कपाळाला हात लावते.

हिवाळ्यात एकदा चहा पिताना म्हाताऱ्याला राहवलं नाही. "ह्या बारीला कुणाला घातलंस?"

"माणसांची नावं घातली, आबा."

"आपली?"

"आपली न्हाईत."

"मग कुणाची?" म्हणून त्यानं विचारलं असतं. पण तेवढ्यात कुत्रं भुंकलं, आणि तो ते बघायला उठला.

आणि खरं सांगायचं तर विचारायला पाहिजे होतं असंही नाही, कारण ते त्यानं एकदा विचारलेलं होतं. सदतीस वर्षांपूर्वी, मागणी घालायला घाटापलीकडं गेला तेव्हा. मुलीच्या बापाकडून त्यानं सात पिढ्या मोजून घेतल्या, आपल्या सातांत त्यांतलं एकही नाव नाही, म्हणजे लग्नाला आडकाठी नाही, अशी खात्री करून घेतली, आणि घोड्यावर बसता बसता विसरून गेला. त्यानंतर ताल-बुलाकात कालिपाला तिच्या सात पिढ्या कुणी विचारल्या नाहीत. सुनेला कशाला असतात?

ती नावं घ्यायला तिला कुणाची बंदी नाही. ती रोज सकाळी गाईखाली बसते आणि धारेच्या तालावर मोठ्यानं म्हणते, म्हणजे विसरायला नको. बेइशे, कोचोर, सातारकुल, असं वर सातव्यापर्यंत. कुंपणापलीकडून उपोलकान ऐकते, येणारे-जाणारे ऐकतात. गाईला काहीतरी गुणगुणतेय, म्हणतात, आणि पुढं जातात.